थिब्जला नारळ दिला, पण आणणार कोणाला?

जून २०२५. एनबीएच्या कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीत, इंडियाना पेसर्सकडून हरल्यावर न्यूयॉर्क निक्सनी कोच टॉम थिबोडोला, म्हणजे थिब्जला, काढलं होतं. बातमी आल्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी बंड्या कट्ट्यावर सगळ्यांच्या आधी हजर होता. कोणी बसायच्या आतच त्यानं सुरू केलं.

"म्हटलं नव्हतं? पेसर्सविरुद्ध पहिल्याच मॅचला म्हटलं होतं! तीन मिनिटंसुद्धा उरली नव्हती, चौदाची आघाडी होती आणि घालवली. तिथेच काढायला हवा होता, ओव्हरटाइमच्या आधी!"

"आदल्या फेरीत सेल्टिक्सना हरवलं त्या रात्री तू थिब्जचा पुतळा उभारायला निघाला होतास," अनघा म्हणाली.

"माणसानं मत बदलू नये का?"

"बदलावं की. पण एक सिरीज संपून दुसरी संपेपर्यंत तरी दम धरावा."

बंड्याचं हे नेहमीचंच. टीम दोन मॅच हरली की कोच गाढव, तीन हरली की गद्दार. त्याच्या हाती लीग दिली तर डिसेंबरपर्यंत तिसांपैकी एकही कोच जागेवर राहायचा नाही.

अण्णा मात्र खरोखर दुखावले होते. "पंचवीस वर्षांनी टीम कॉन्फरन्स फायनलला नेली त्या माणसानं. २०००नंतर पहिल्यांदा! गेल्याच वर्षी करार वाढवून दिला होता ना? मग एवढ्यात काय बिघडलं?"

"अण्णा, मिनिटं," प्रसाद म्हणाला. "निक्सचा जॉश हार्ट सरासरीत सबंध लीगमध्ये सर्वांत जास्त वेळ कोर्टवर. त्याच टीमचा ब्रिजेस मार्चमध्ये म्हणाला की मिनिटं कमी करायबद्दल कोचशी बोललोय, आणि कोच म्हणतो असं बोलणं झालंच नाही. आता यात कोण खरं?"

"कोण खरं ते जाऊ दे," अनघा म्हणाली. "कोच आणि खेळाडू एकाच बोलण्याबद्दल पत्रकारांसमोर दोन गोष्टी सांगतात, तेव्हा लॉकर रूममध्ये ऐकणं बंद झालेलं असतं. मला विचाराल तर थिब्जला काढायला कारण होतं. पण ते हरणं नव्हे. जानेवारीपासून दिसत होतं की सुरुवातीचे पाच जण एकत्र चालत नाहीत. मिचेल रॉबिन्सनला पहिल्या पाचात कधी आणलं? पेसर्सविरुद्ध तिसऱ्या मॅचला, दोन हरल्यावर! आणि ती मॅच जिंकले. उत्तर बेंचवर बसलंय आणि कोच त्याला उठवत नाही, तर कोच बदलायचा. नुसता स्कोअर बघून नाही."

मला हे शंभर टक्के पटतं. प्रत्येक वेळी टीव्हीवर विजय-पराजयाचे आकडे दाखवतात आणि त्यावरून माणसाचा निकाल लावतात. मी आठवण करून दिली: क्लीव्हलंडनं २०१६च्या जानेवारीत कोच डेव्हिड ब्लॅटला काढलं तेव्हा टीम ३०-११ होती, म्हणजे ३० विजय, ११ पराभव, ईस्टमध्ये पहिली. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. जूनमध्ये त्याच टीमनं फायनलमध्ये ३-१ अशी पिछाडी भरून काढून ७३ मॅच जिंकलेल्या वॉरियर्सना हरवलं.

"म्हणजे माझंच खरं! काढा!" बंड्या उसळला.

"थांब," अनघा म्हणाली. "ब्लॅटच्या जागी आलेला टायरॉन लू कुठे होता? त्याच बेंचवर. टीम त्याला मानत होती. आता मिलवॉकी घे. कोच ग्रिफिनला काढलं तेव्हा ३०-१३, जवळपास तसाच रेकॉर्ड. डॉक रिव्हर्स आला, १७-१९, आणि पहिल्याच फेरीत घरी. आकडे सारखे, शेवट वेगळा. जागा रिकामी करणं कोणालाही जमतं. भरणार कोण, हे आधी ठरलेलं हवं."

"निक्सनी ठरवलंय?" प्रसादनं विचारलं.

"दिसत तरी नाही. दुसऱ्यांचे करारातले कोच मागत फिरतायत आणि नकार ऐकतायत."

अण्णांनी हुकमी पत्ता काढला. पॉपोविच, सॅन अँटोनिओ स्पर्सचा जुना कोच. आमच्या कट्ट्यावर कोणताही विषय पॉपोविचवर जातोच, कारण अण्णा नेतात. "एकोणतीस सिझन! पाच टायटलं! संयम ठेवला म्हणून झालं. पहिल्या वर्षी १७-४७ होता तो. तुमच्यासारख्यांनी काढला असता."

"अण्णा, तो त्या खुर्चीवर कसा बसला?" अनघानं शांतपणे विचारलं.

अण्णा गप्प.

"स्पर्सचा जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर होता. डिसेंबर १९९६मध्ये कोच बॉब हिलला भर सिझनमध्ये काढलं आणि स्वतः बसला. हिलनं आधीच्या दोन सिझनांत ६२ आणि ५९ जिंकल्या होत्या. ३-१५ झाले तेव्हा डेव्हिड रॉबिन्सन जखमी होता. तुमचा संयमाचा देव घाईनं झालेल्या हकालपट्टीतूनच आलाय."

बंड्यानं टाळ्या पिटल्या. अण्णांना खरंच लागलं, पण त्यांनी लगेच मायामी हीटचा कोच स्पोल्स्ट्रा याचं उदाहरण दिलं, आणि तो मुद्दा मात्र वजनदार होता. २०१०मध्ये हीट ९-८, लेब्रॉनचा खांदा कोचला लागला म्हणून केवढा गदारोळ, सगळे म्हणत होते की टीमचा प्रेसिडेंट रायली आता स्वतः खाली उतरणार. रायली उतरला नाही. २०१२ आणि २०१३ची टायटलं आली.

"हे मान्य," अनघा म्हणाली. "कारण २०११ची फायनल हरल्यावर स्पोल्स्ट्रा बदलला. बॉशला सेंटरला आणलं, कोर्ट मोकळं केलं. बदलू शकणाऱ्या कोचला काढू नये. तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, अण्णा."

"मी कोणाच्या बाजूला नाही," अण्णा म्हणाले.

मग गाडी कोच बिकरस्टाफवर आली आणि तिथेच बराच वेळ अडकली. क्लीव्हलंडनं त्याला २०२४मध्ये ४८ विजयांनंतर काढलं. ॲटकिन्सन आला, खेळाडू जवळपास तेच, आणि ६४ विजय. इकडे बिकरस्टाफला डेट्रॉइटनं घेतलं, आदल्या वर्षी सलग २८ हरून १४-६८ झालेल्या टीमनं, आणि ४४-३८. मग क्लीव्हलंड चुकलं की डेट्रॉइटला लॉटरी लागली? प्रसादचं म्हणणं, डेट्रॉइटनं बीझली, टोबायस हॅरिस असे शूटर आणले, कोचला सगळं श्रेय का? ते खरंच आहे. पण डेट्रॉइटचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम आदल्या वर्षीही होताच. अनघाचं म्हणणं असं की पोरांना बचाव आणि शिस्त शिकवणारा कोच वेगळा, तयार टीमला शेवटची पायरी चढवणारा वेगळा. टीम मोठी झाली की पहिल्याचं काम संपतं. त्यात त्याचा अपमान नाही. मालक अपमान करतात ते सांगण्याच्या पद्धतीनं. कोच माइक ब्राउनला सॅक्रामेंटोनं काढल्याचं फोनवर कळवलं. एकमतानं कोच ऑफ द इयर ठरलेल्या माणसाला!

"आणि फिनिक्स सन्स?" मी विचारलं. मला राहवलंच नाही. "२०२३ला विल्यम्स, २०२४ला व्होगेल, २०२५ला बुडेनहोल्झर. तीन वर्षांत तीन गेले, आता चौथा. त्यांच्या बीलच्या करारात नो-ट्रेड क्लॉज आहे, त्याच्या मर्जीशिवाय त्याला दुसऱ्या टीमकडे हलवता येत नाही. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या पगाराच्या मर्यादेत, धरतच नाहीत, म्हणून राग काढायला तोच सापडतो. टीम ज्यानं बांधली तो वर बसून नवा कोच शोधतो."

"डेन्व्हरनं बरं केलं मग," अनघा म्हणाली. "कोच मेलोनबरोबर जीएमलाही घरी पाठवलं. प्लेऑफच्या आधी तीन मॅच उरल्या असताना काढणं मला आवडलं नाही, पण निदान भांडणाऱ्या दोघांनाही काढलं."

"माझं म्हणणं एकच," बंड्या उठून उभा राहिला. "जो कोच बदली खेळाडू उतरवत नाही, त्याला काढा! खेळाडू दमलेत हे दिसत नाही?"

प्रसाद हसायलाच लागला. "तू आपल्या टीमचा कॅप्टन असताना स्वतःला कितीदा बाहेर बसवलंस रे?"

"माझा स्टॅमिना होता!"

"धाप लागून फ्री थ्रो रिंगपर्यंत पोचत नव्हता तुझा. मी सबंध सेमीफायनल वॉर्मअपमध्येच काढली!" हे प्रसादचं जुनं दुखणं आहे आणि रास्तही आहे.

"म्हणून कट करून काढलंत मला. मतदान घेतलंत! फक्त अण्णा माझ्या बाजूनं होते. एकच मत, पण निष्ठेचं."

"बंड्या," अनघा म्हणाली, "चिठ्ठ्या मी मोजल्या होत्या. ते एक मत तुझ्याच अक्षरात होतं."

बंड्या सावकाश अण्णांकडे वळला. आयुष्यभर कोणालाच काढू नका म्हणणारे अण्णा बुटाची नाडी बांधण्यात गुंतले होते.

"अण्णा?"

"अरे, सेमीफायनल होती," अण्णा म्हणाले, आणि थिब्जचं जे काय व्हायचं ते राहिलंच.