ऑडिशनला नाव लागलं नाही? मग विंगेत या

ऑगस्ट लागला की सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' ही घोषणा सुरू होते. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ सालची; आजोबांनी कॉलेजात असताना केली आणि आता नात करतेय अशी घरं पुण्यात सापडतात. त्याआधी महिनाभर कॉलेजाकॉलेजांत ऑडिशन होतात. साठ-सत्तर मुलं येतात, एकांकिकेत पात्रं असतात सहा-सात. उरलेल्यांतली बहुतेक 'आपलं काही खरं नाही' म्हणत घरी जातात आणि पुढची तीन वर्षं कॉलेज म्हणजे लेक्चर, कँटीन आणि बस एवढंच राहतं.

ही पोस्ट त्या उरलेल्यांसाठी आहे. माझं मत सरळ आहे: कॉलेजच्या नाटकात स्वतःबद्दल काही कळायचं असेल तर ते स्टेजपेक्षा विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूला पडद्याआड, लवकर कळतं. स्टेजवरच्याला दिग्दर्शक सांगतो, कुठे उभं राहा, कधी वळ. विंगेत तुमचं काम तुम्हालाच शोधावं लागतं, आणि आपण न सांगता कुठल्या कामाकडे वळतो हे तिथे महिन्याभरात उघडं पडतं. कुणी हातोडी उचलतो, कुणी वही काढतो, कुणी फक्त चहा सांगतो. (चहा सांगणाऱ्यालाही कमी समजू नका, त्याच्याकडे येऊच.)

पण 'बॅकस्टेजला आहे' एवढं सांगून भागत नाही. पहिल्याच दिवशी एक काम मागून घ्या. नाहीतर महिनाभर खुर्च्या उचलाल आणि शेवटी ग्रुप फोटोत कडेला उभे राहाल.

सेटपासून सुरू करू. कॉलेजच्या सेटमध्ये मुख्यतः दोनच गोष्टी असतात, लेव्हल आणि फ्लॅट. लेव्हल म्हणजे उंचीसाठीचा लाकडी चौथरा, फ्लॅट म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेलं कापड आणि वर रंग. नवीन मुलं पहिला फ्लॅट हमखास आठ फूट उंच करतात, कारण प्लायवूड आठ बाय चारचं मिळतं आणि तेच माप डोक्यात बसलेलं असतं. मग प्रयोगाच्या दिवशी छोटा हत्ती टेम्पो येतो. त्याचा हौदा साधारण सात फूट. फ्लॅट फूटभर बाहेर लटकतो, वरून पाऊस, आणि भिजलेलं कापड वाळेपर्यंत सैल पडून झोळीसारखं दिसायला लागतं. म्हणून सेटचा कागद काढण्याआधी टेप घेऊन तीन मापं घ्या: टेम्पोचा हौदा, नाट्यगृहाचं सामान आत घ्यायचं दार आणि तालमीच्या खोलीचं दार. तिसरं माप सगळे विसरतात. सेट खोलीत तयार होतो आणि खोलीतून बाहेर निघत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन एकांकिकांच्या मध्ये सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात; नेमकी किती, ते त्या त्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत असतं. या वेळेत दहा जण एकदम स्टेजवर धावले की सगळे एकच लेव्हल उचलायला जातात. त्यावर उपाय म्हणजे सेटच्या प्रत्येक तुकड्याला मागच्या बाजूने नंबर घाला आणि कुठला नंबर कोण नेणार याची यादी विंगेत चिकटवा. तालमीच्या खोलीत जमिनीवर खऱ्या मापाचं मार्किंग करा. सेट लावायची तालीम वेगळी घ्या, घड्याळ लावून, निदान पाच वेळा. फ्लॅटला मागून टेकू दिला की टेकूच्या पायावर वजन ठेवाच, वाळूची पिशवी उत्तम. नटाने दार जोरात आपटलं आणि भिंत हलली की तुमच्या शोकांतिकेला पहिला लाफ्टर तिथेच मिळतो.

काळोखात लोक पडतात ते मात्र सेटमुळे नव्हे, तालमी ट्यूबलाइटखाली झालेल्या असतात म्हणून. लख्ख उजेडातून ब्लॅकआउट झाला की पहिले काही सेकंद डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेवटच्या आठवड्यात खोलीतले दिवे खरोखर बंद करून हालचाली बसवा, पावलं मोजायला लावा. लेव्हलच्या कडांना रेडियमच्या बारीक पट्ट्या लावा, पण प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला.

लाइटचं काम हे भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलपेक्षा चांगलं प्रॅक्टिकल आहे, असं मी कुठल्याही प्राध्यापकांसमोर म्हणेन. तालमीसाठी कुणीतरी हजार वॉटचे दोन हॅलोजन आणतं आणि वर्गातल्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून दोन्ही जोडतं. हजार भागिले दोनशे तीस, म्हणजे एक दिवा सव्वाचार अँपिअरच्या थोडा वर. दोन झाले की साडेआठ. ट्रिप झालं तर नशीब. नाही झालं तर वायर तापते. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे बसतात, चौथा नाही. आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, पूर्ण सोडा. गुंडाळीत उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळायला लागतं.

लाइट ऑपरेट करणाऱ्याकडे क्यूशीट (कुठल्या क्षणी कुठला दिवा, याची यादी) हवी, डोक्यात नव्हे, कागदावर. नंबर, कुठल्या वाक्यावर, कुठला दिवा, किती सेकंदांत. चूक होते ती एकाच ठिकाणी. क्यू संवादाच्या शेवटच्या शब्दाला बांधलेला असतो आणि नेमका त्या दिवशी नट ते वाक्य खातो. ऑपरेटर वाट पाहत बसतो, स्टेजवर नट काळोखाची वाट पाहत उभा. म्हणून प्रत्येक क्यूला दोन खुणा लिहा, एक शब्दाची आणि एक हालचालीची. दिव्यावर लावायचा जिलेटीनचा गडद निळा कागद आधी जळतो, कारण तो जास्त उष्णता शोषतो; निळ्याचे दोन तुकडे जास्तीचे कापून ठेवा. आणि नटाला लाइट सापडत नसेल तर त्याला खाली बघू देऊ नका. हॅलोजन असेल तर चेहऱ्यावरची ऊब सांगते आपण कुठे आहोत. एलईडीत ती सोय नाही, तिथे जमिनीवर खूण करावी लागते.

म्युझिकला बसणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रॅकना ०१, ०२ असे नंबर द्या, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशी नावं नकोत. लॅपटॉप एरोप्लेन मोडवर, फोन खिशात नको. तेच ट्रॅक दोन पेनड्राइव्हवर. साउंडला जोडल्यावर घरघर ऐकू आली तर आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबते. आणि रिकाम्या सभागृहात ठरवलेला आवाज भरलेल्या सभागृहात कमी पडतो, कारण माणसं आवाज शोषतात.

आता एक काम, जे कुणालाच नको असतं. कागदपत्रं. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पूर्ण संहिता द्यावी लागते, म्हणजे संहिता वेळेत पूर्ण व्हावी लागते, आणि गाडी पहिल्यांदा इथेच अडते. लेखक कॉलेजातलाच असला तरी परवानगीचं पत्र सहीनिशी घ्या. 'फोनवर हो म्हणालेत' हे स्पर्धेच्या टेबलावर चालत नाही. बोनाफाइड, ओळखपत्रं, प्राचार्यांचा शिक्का हे सगळं एका फोल्डरमध्ये, आणि त्याच्या झेरॉक्स दुसऱ्या माणसाकडे. हे करणारी मुलगी किंवा मुलगा बहुतेक पोस्टरवर नसतो. पण पत्र लिहिणं, ऑफिसातल्या क्लार्कशी नीट बोलणं, तारखेच्या चार दिवस आधी काम संपवणं, हे ज्याला एकोणिसाव्या वर्षी जमतं त्याला पुढे कुठेही काम मिळतं. आपल्याकडे नट पुष्कळ आहेत, वेळेत फोल्डर आणणारे कमी.

पैशाचंही तेच. कॉलेज पैसे देतं, पण बहुतेक ठिकाणी आधी खर्च, मग बिल, मग चेक. बिल नसेल तर चेक नाही. लाकडाच्या वखारीतून कच्च्या चिठ्ठीवर माल आणला की ते पैसे गेलेच समजा. आणि बजेटमध्ये चहा लिहा हो! पंधरा माणसं, तीस दिवस, दिवसाला दोन कप म्हणजे नऊशे कप. कप दहा रुपयांना धरला तर नऊ हजार. कित्येक कॉलेजांचा सेट याहून स्वस्त असतो. मघाशी म्हटलं ना, चहा सांगणाऱ्याला कमी समजू नका. तो रोजचा हिशेब वहीत लिहीत असेल तर तोच तुमचा प्रॉडक्शन मॅनेजर आहे, फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही.

हे सगळं गोडच असतं असं मुळीच नाही. नाटकाच्या ग्रुपमध्ये एक उतरंड असते. पास होऊन तीन वर्षं झालेले दादा रोज संध्याकाळी येतात, खुर्ची उलटी करून बसतात आणि 'आमच्या वेळी' सुरू करतात. त्यांच्याकडून हातातली कामं शिका, मतं नकोत. पैसे देऊन बाहेरचा दिग्दर्शक आणायची पद्धत तर मला साफ नापसंत आहे. करंडक येतो, पण सगळे निर्णय बाहेरचा माणूस घेऊन जातो आणि पुढच्या वर्षी कॉलेजात तालीम कशी लावायची हेही कुणाला माहीत नसतं. २०२२ मध्ये परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक एकाही संघाला दिला नाही तेव्हा बरीच आरडाओरड झाली. मला विचाराल तर मुलांनी स्वतः केलेली फसलेली एकांकिका परवडली, दुसऱ्याने बसवून दिलेली गुळगुळीत एकांकिका नको.

दुसरी खटकणारी गोष्ट भाषेची. लातूर, नांदेड, जळगावहून आलेल्या मुलाला आधी 'शुद्ध बोल' म्हणून गप्प बसवायचं आणि नंतर विनोदी नोकराची भूमिका आली की त्याच्याच बोलीवर हशे घ्यायचे, हे अजून चालतं. अशा मुलांनी विंगेत बसून एक काम जरूर करावं, संहितेतली बोली तपासावी. शहरात लिहिलेल्या गावाकडच्या संवादात प्रत्येक वाक्यात 'लई' आणि 'हाय' टाकलेलं असतं. ते कुठल्या तालुक्यातलं आहे हे लेखकालाही सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

मुलींच्या बाबतीत तालमीची वेळ हाच प्रश्न आहे. हॉस्टेलचं फाटक रात्री बंद होतं आणि तालीम रंगात येते ती त्यानंतर. यावर उपाय मुलींनी कमी यायचा हा नाही. तालीम सहाला म्हटलं की सव्वासातला सुरू होते, ती सहालाच सुरू करायची. गॅलरीत उभं राहून गप्पांत जाणारा तो सव्वा तास वाचला तरी फाटकाच्या आत सगळ्या पोचतात.

आणि अटेंडन्स. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना आठवतो. सवलतीसाठी विभागप्रमुखांकडे जी यादी जाते तिच्यात नटांची नावं असतात, बॅकस्टेजची बहुतेक वेळा गळतात. कुणी मुद्दाम करत नाही, यादी करणाऱ्याला आठवत नाही एवढंच. ती यादी जाण्याआधी स्वतःचं नाव रोल नंबरसकट बघून घ्या. इंटर्नल परीक्षांच्या तारखा तालमीच्या वेळापत्रकात लाल पेनाने लिहा. एटीकेटी लागली की घरचे नाटकाला दोष देतात आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही.

घरी विचारतील, याचा पुढे उपयोग काय. बी. जे. मेडिकलमध्ये नाटक करणाऱ्या मुलांतले जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ झाले आणि मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, नाटक-सिनेमा दोघांचाही सुटला नाही. पण घरच्यांना ही मोठी नावं सांगू नका. 'सगळे थोडेच आगाशे होतात' हे उत्तर तयार असतं आणि ते बरोबरही आहे. त्यापेक्षा असं बघा. लाइटला बसलेल्याला वायरिंग आवडायला लागलं का? सेटवाल्याला कागदावरच्या मापापेक्षा लाकूड हातात घेणं आवडतं का? कागदपत्रंवालीला लोकांशी बोलून काम काढून घेण्यात मजा येते का? बी.कॉम. करताना हे कळलं तर बी.कॉम. सोडायची गरज नाही. दुसऱ्या वर्षी कुठला कोर्स करायचा, सुट्टीत कुणाकडे काम मागायचं, एवढं तरी ठरवता येतं. आणि आपल्याला हे मुळीच आवडत नाही असं कळलं तर तेही चाळीस दिवसांत कळलेलं स्वस्त.

मुंबईकडच्यांनी २५ जानेवारीची रात्र मोकळी ठेवा. चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा त्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते, आणि वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका एका जागी बघायला मिळतात. अभिनय नंतर बघा. दोन एकांकिकांच्या मध्ये पडद्यामागून येणारे आवाज ऐका. कुठला संघ तयारीनिशी आलाय ते तिथेच कळतं.

एक शेवटचं, प्रयोगाच्या रात्रीचं. निकाल लागला की अर्धा संघ घोषणा देत बाहेर जातो आणि उरलेले पाच-सहा जण सेट काढतात. त्या पाच-सहांत राहा. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात वापरलेल्या वस्तूंची, यादी हातात घेऊन एकेक वस्तू टिक करा. कुणाच्या तरी आजीचा पितळी तांब्या त्याच रात्री हरवतो. भाड्याच्या लेव्हल मोजून परत द्या. फ्लॅटचे खिळे त्याच रात्री उपटून डब्यात भरा, पट्ट्या लांबीप्रमाणे बांधा आणि प्रत्येक जुडीवर खडूने लांबी लिहा. फिरोदिया करंडक स्पर्धेला फेब्रुवारीत तेच लाकूड लागणार आहे.