टॉवरला घरचं ब्रॉडबँड? वेग पुरेल, ठोक्याचं काय

"2 एमबीपीएसच्या लीज लाइनला, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेल्या जोडणीला, एवढे पैसे कशाला मोजता? आता सगळं आयपी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीचं, झालंय. 100 एमबीपीएसचं फायबर ब्रॉडबँड घ्या, त्यावर मोबाइलचा टॉवरही चालेल आणि ऑफिसही." अशा अर्थाचा मजकूर फिरतोय. त्यात निम्मं खरं आहे, म्हणूनच तो खपतो.

ई-वन (हीच ती 2 एमबीपीएसची लाइन) इथरनेटवरून, म्हणजे पॅकेटांच्या नेटवर्कवरून, नेता येतं, हे खरं. त्यासाठीची सॅटॉप ही पद्धत 2006 मध्येच प्रमाणित झाली. 2.048 एमबीपीएसचा प्रवाह मिलिसेकंदाला 256 बाइट असा पॅकेटांत भरायचा आणि पलीकडे त्याच क्रमाने सोडायचा. 100 एमबीपीएसच्या जोडणीला हे ओझं किरकोळ.

पण "वेग आहे म्हणजे झालं" इथे गाडी घसरते. ई-वनमधून बीटीएसला, म्हणजे टॉवरवरच्या रेडिओ यंत्राला, नुसते बिट मिळत नसत, ठोकाही मिळायचा, म्हणजे घड्याळाची नेमकी लय. ती लयच टॉवरची फ्रिक्वेन्सी ठरवते. जीएसएम (2जी) टॉवरची फ्रिक्वेन्सी अब्जात 50 भागांपेक्षा जास्त हलता कामा नये. 900 मेगाहर्ट्झवर हे होतात 45 हर्ट्झ. साध्या इथरनेटच्या घड्याळाला मुभा दशलक्षात 100 भागांची, म्हणजे तिथेच 90 किलोहर्ट्झ. जीएसएमचा अख्खा चॅनल 200 किलोहर्ट्झचा!

मग पॅकेटं येतात त्या गतीवरून ठोका काढू, असं उत्तर येतं. काढतातही, आणि रिकाम्या नेटवर्कवर ते झकास चालतं. संध्याकाळी मॅच सुरू झाली की पॅकेटं रांगेत अडकतात, बफर (आलेली पॅकेटं साठवायची जागा) रिकामा होऊ लागतो आणि ठोका काढणाऱ्या बिचाऱ्या डब्याला वाटतं, पलीकडचं घड्याळच मंदावलं. स्टँडवर एसटी आली की त्यावरून मनगटावरचं घड्याळ लावण्यातला प्रकार. यावर उपाय म्हणून सिंक्रोनस इथरनेट (केबलवरच्या सिग्नलमधूनच ठोका पुढे देणारं) आणि 1588 (पॅकेटांवर वेळेचे शिक्के मारून घड्याळं जुळवणारं मानक) आले. पण सिंक्रोनस इथरनेटची साखळी वाटेतल्या एका साध्या स्विचपाशीही तुटते, आणि घरच्या प्लॅनमध्ये वाटेत कोणता स्विच आहे ते कोण सांगणार?

5जीत आणखी एक अट. 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणं आणि ऐकणं) असल्याने प्रत्येक टॉवरची वेळ ±1.5 मायक्रोसेकंदात जुळावी लागते. नाहीतर एक बोलतो तेव्हा शेजारचा ऐकत असतो. टॉवरवरच जीपीएस असेल तर वेळ उपग्रहांवरून मिळते आणि बॅकहॉलवरचा, म्हणजे टॉवरला नेटवर्कशी जोडणाऱ्या लाइनवरचा, हा भार उतरतो, तोही जीपीएस चालू असेपर्यंत.

"फायबर तर एकच!" असेलही. जीपीऑनमध्ये, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीत, 1.244 जीबीपीएसचा अपलोड 32 घरांत वाटला तर वाट्याला जेमतेम 39 एमबीपीएस, तेही आपली पाळी आल्यावर. त्याच फायबरवर पहिल्या प्रकारचा टी-कॉन्ट (अपलोडमधला वाटा) दिला की ठरलेली जागा कायम राखून मिळते. लीज लाइनचे जास्तीचे पैसे त्या राखीव जागेचे. दर अवाच्या सवा वाटत असतील तर त्यावर जरूर भांडा.

ऑफिसचं मात्र पटलं. नुसता राउटर आणि व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसं जोडणारी खासगी वाट) असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड पुष्कळ झाली. फक्त कोपऱ्यातला ईपीएबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) अजून पीआरआयवर आहे का, ते आधी बघा. पीआरआय ही एकाच वेळी अनेक कॉल नेणारी फोन लाइन, म्हणजे ई-वनच. ठोका दशलक्षात 50 भागांनी चुकला तर दर अडीच सेकंदाला एक फ्रेम, म्हणजे आवाजाचा एक बारीक तुकडा, घसरते. बोलताना मधूनच टिक ऐकू येईल, फॅक्स मात्र अर्ध्यात तुटेल.