खुलासा : ‘एफ २२ लावा, सगळं शार्प येतं’ हे अर्धसत्य

लँडस्केपसाठी ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक) होईल तितकं बारीक करा, एफ २२ ला फोटो सर्वांत शार्प येतो, असा सल्ला सध्या फिरतोय. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. छिद्र बारीक केलं की पायाजवळच्या दगडापासून लांबच्या डोंगरापर्यंत जास्त भाग फोकसमध्ये येतो, हे खरंच. पण रेखीवपणा एका मर्यादेनंतर सगळीकडेच घटतो.

कारण विवर्तन. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. हिरव्या प्रकाशात त्याचा व्यास एफ ८ ला साधारण ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ २२ ला ३० च्या आसपास. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवरचा (बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत असतो तो) पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा, म्हणजे ठिपका कित्येक पिक्सेलांवर पसरतो!

घरीच बघा. ट्रायपॉडवरून भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक फोटो एफ ८ ला, एक एफ २२ ला काढा आणि १०० टक्के झूम करा. दुसऱ्यात तिथीच्या बारीक अक्षरांच्या वेलांट्या विरघळल्यासारख्या दिसतील. (शिवाय सेन्सरवरची धूळ ठळक उठते, ती फुकट.)

‘अमेरिकी लँडस्केप फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा तर ग्रुपच एफ ६४ नावाचा होता’ असं कुणी म्हणेलच. होता, १९३२ चा. पण ते मोठ्या निगेटिव्हचे कॅमेरे; ८ बाय १० इंची निगेटिव्ह फारशी मोठी करावीच लागत नाही, म्हणून ठिपका खपून जातो.

एपीएस-सीवर एफ ८ च्या आसपास राहा. जवळपासून लांबपर्यंत सगळं फोकसमध्ये हवंच असेल तर एफ १६ चालेल, नाहीतर वेगवेगळ्या फोकसचे दोन-तीन फोटो जोडा. मॅक्रोवाल्यांचा (बारीक वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्यांचा) तो रोजचाच उद्योग आहे.