नायक लागतोच असं कुठाय?

लेख आवडला, पण "राजकीय नाटकाला सत्तेसमोर उभा राहणारा एक नायक लागतोच" हे काय पटलं नाही बुवा. जर्मन नाटककार गेरहार्ट हाउप्टमानचं १८९२ चं 'विणकर' घ्या की, १८४४ च्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावर आहे आणि त्यात नायकच नाही, अख्खी वस्तीच आहे. पहिल्याच अंकात विणलेलं कापड घेऊन ताटकळत उभे असलेले लोक आणि त्यात खोट काढून मजुरी कापणारा मालकाचा माणूस. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, आमचे वडील यंत्रमागावर होते, पगाराच्या दिवशी घरी हेच रडगाणं, त्यामुळं वाचताना हे परदेशातलं आहे असं वाटलंच नाही मला. आणि शेवटी मरतो कोण, तर उठावात जायला नको म्हणून मागावर बसून राहिलेला देवभोळा म्हातारा, बाहेरून गोळी येऊन लागते. आता ह्याला नायक म्हणायचं का सांगा!

अजून एक, लेखात सेन्सॉरबद्दल लिहिलंय पण तिकिटाबद्दल अवाक्षर नाही. ह्या नाटकावर बर्लिन पोलिसांनी बंदी घातलेली, कोर्टानं उठवली, तेव्हा एक कारण काय दिलं तर थिएटरची तिकिटं इतकी महाग आहेत की कामगार फारसे येणारच नाहीत, मग दंगा कोण करणार 😄 आपल्याकडं हुतात्मा स्मृती मंदिरात मुंबईचं मोठं नाटक लागतं तेव्हा मागावरचे किती जण दिसतात हो तुम्हाला? त्यावर पण लिहा कधीतरी.