वाटेत सगळं मिळतं म्हणे!

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक यादी फिरली. माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड 'एक दिवस वारी' करणाऱ्यांसाठी. टोपी, गॉगल, पॉवर बँक, सेल्फी स्टिक आणि सगळ्यात खाली, 'खायचं-प्यायचं काही घेऊ नका, वाटेत सगळं फुकट मिळतं.' मी लिहिलं, निदान पाणी आणि चार दशम्या तरी न्या. उत्तर आलं, 'काकू, चिल!' पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

तर चिल न होता लिहिते.

मिळतं हे खरंच आहे. हडपसरपर्यंत तर हात पुढे केला की केळी, राजगिऱ्याचा लाडू, चहा, पाण्याची बाटली. पण ते मांडलंय कोणासाठी? जी बाई डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून निघाली आणि पंढरपूरपर्यंत चालणार आहे, तिच्यासाठी. संध्याकाळी एसी लावून झोपणाऱ्यांसाठी नाही. ती रांगेत मागे आणि पुढे आपण, नवे कोरे बूट घालून. वर अर्धी खिचडी टाकलेल्या पत्रावळ्या रस्त्याच्या कडेला. देणारा कोणाला नाही म्हणत नाही, आणि 'घ्या माऊली' म्हणून कोणी हातात ठेवलं तर आपणही नाही म्हणू नये, हेही मान्य. एक घास घ्या, नमस्कार करा, पुढे व्हा. पण पोट भरायची सोय घरून न्या.

आता न्यायचं काय? तिथीचा घोळ नसेल तर पालखी पुण्याहून निघते ती एकादशीला. म्हणजे निम्म्या लोकांचा उपास. आणि उपास म्हटला की घरोघरी पहाटे साबुदाण्याची खिचडी डब्यात कोंबली जाते. नका हो! गरम खिचडीवर झाकण लावलं की आत वाफ धरते, दहापर्यंत तिचा गोळा होतो, आणि बटाटा घातला असेल तर उन्हात दुपारी वास यायला लागतो. खिचडी घरी खाऊन निघा. बरोबर उपासाच्या भाजणीची पातळ थालिपीठं न्या, बटाटा-काकडी किसून न घालता, तुपावर कडक भाजलेली. सालासकट उकडलेली दोन रताळी, दाण्या-गुळाचे चार लाडू, मूठभर खजूर. केळी जरा कच्चटच घ्या आणि सगळ्यात आधी संपवा, नाहीतर दुपारी सॅकमध्ये शिकरण.

उपास नसेल तर दशमीला तोड नाही. दोन वाट्या कणीक, दोन चमचे तेलाचं मोहन, मीठ, आणि भिजवायला पाण्याऐवजी पाऊण ते एक वाटी दूध. सहा-सात होतात, माणशी चार पुरे. खरी गोम भाजल्यानंतर आहे. गरम दशम्या एकावर एक रचायच्या नाहीत. सुती कापडावर सुट्या पसरा, पूर्ण गार झाल्या की त्याच कापडात गुंडाळा. गरम असताना फॉइल लावलं की वाफेचं पाणी होतं आणि खालच्या दोन चिकट होतात. सोबत दाण्याची कोरडी चटणी. तेलकट लोणचं नको, गळतं. दहीभात तर मुळीच नको, शिजलेला भात तापलेल्या सॅकमध्ये सहा-सात तास ठेवायची वस्तू नाही.

पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हे यादी करणाऱ्यांना कोणी सांगत नाही. तीसेक किलोमीटर चालायचंय. त्यामुळे पाच लिटर लादून निघायचं नाही, आणि दोन लिटरचा जाड स्टीलचा थर्मासही नाही. लिटरच्या दोन साध्या बाटल्या, एक हाताशी बाहेरच्या कप्प्यात, दुसरी आत पाठीला चिकटून. उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर, ढग असतील तर कमी. हडपसर, उरुळी देवाची असं करत मधे भरून घ्या, पण वडकीला दोन्ही बाटल्या भरल्याशिवाय दिवे घाट चढायला लागू नका. जेवणही तिथे पोटभर नको. एक दशमी, अर्धा लाडू, बाकीचं घाट चढून झेंडेवाडीला.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामावाटे मीठ जातं, मग मळमळतं, डोकं धरतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं. ते अर्ध्या बाटलीत ओतून 'स्ट्राँग' करणारे दरवर्षी दिसतात. त्याने तहान वाढते, फायदा काही नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पुड्या घरीच बांधून ठेवा, वाटेत अंदाजपंचे होतं. उपासाला सैंधव चालतं.

आणि आता त्या यादीतलं खरं डोकं फिरवणारं वाक्य. 'लेडीजनी पाणी कमी प्यावं, म्हणजे गैरसोय होणार नाही.' चिल म्हणता ना मला? बाईने दिवसभर तहानलेलं चालायचं, घाटात चक्कर येऊन बसायचं, घरी आल्यावर लघवीला जळजळ सोसायची, आणि याला नियोजन म्हणायचं? फिरती शौचालयं असतात. कमी पडतात, रांगा असतात, घाण असतात, सगळं कबूल. तरी पाणी तोडायचं नाही. वडकीला रांग कितीही असो, जाऊन यायचं, कारण पुढे घाटात आडोसा नाही. पिशवीत टिश्यू, साबणाचा कागद आणि हात धुण्यापुरतं पाणी ठेवायचं. पुरुषांनी तेवढा वेळ थांबायचं, बस.

असो. रागाच्या भरात एक राहिलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी उपास आणि एवढी चाल एकत्र करायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. खिशात, सॅकमध्ये नव्हे, खिशात साखरेची पुडी ठेवा आणि बरोबरच्याला ती कुठे आहे ते सांगून ठेवा. आपली माणसं सुखरूप घरी यावीत एवढंच.

सॅकला आतून मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावा, घाटात पाऊस तिरका येतो. एक रिकामी पिशवी आपल्या कचऱ्यासाठी.

परतीचा विचार तर यादीत कुणी केलेलाच नाही. त्या दिवशी दिवे घाट गाड्यांना बंद असतो. सासवडहून बोपदेव घाटाने यायचं, आणि गाडी मिळायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. तोवर हॉटेलांतलं खाणं संपलेलं असतं. म्हणून अर्धा लिटर पाणी आणि एक दशमी त्या वेळेसाठी वेगळी बांधून तळाशी ठेवा, आणि झेंडेवाडीला कितीही भूक लागली तरी तिला हात लावू नका.