अर्धा किलो धणे, नऊ संपादक

आमच्या घराण्याचा गोडा मसाला दरवर्षी चैत्र-वैशाखात पुण्याला आत्याकडे होतो. चार किलो. त्याचे अकरा डबे भरतात आणि डोंबिवली, नाशिक, सोलापूर, बंगळूर अशा गावी रवाना होतात. एक डबा चुलतबहिणीच्या सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत लपून न्यू जर्सीला जातो. चाळीस वर्षं ही व्यवस्था विनातक्रार चालली. आत्या करायची, आम्ही खायचो, तक्रारीला जागाच कुठे होती? यंदा पाडव्याला मात्र गुडघ्याला तेल चोळता चोळता तिने जाहीर केलं, "पुढच्या वर्षीपासून तुमचं तुम्ही बघा. माझ्याच्यानं नाही होणार."

फॅमिली ग्रुपवर हाहाकार उडाला. गुडघ्याची चौकशी दोघांनी केली, मसाल्याची नऊ जणांनी.

नेमका मी त्याआधी पंधरा दिवस विकिपीडियाच्या एका कार्यशाळेला जाऊन आलो होतो. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ चा, मराठी १ मे २००३ चा, वगैरे माहिती डोक्यात ताजी होती. पण मी खरा भुललो ते मराठी विकिपीडियावरच्या शब्दांना. कच्चं लिहून बघायची जागा म्हणजे धूळपाटी. सगळ्यांनी जमून खल करायची जागा म्हणजे चावडी. निमूटपणे किरकोळ दुरुस्त्या करत फिरणारा बॉट म्हणजे सांगकाम्या. आणि पुराव्याशिवाय ठोकून दिलेल्या विधानाला चिकटवायची पट्टी म्हणजे 'संदर्भ हवा'. ही पट्टी आपल्याला लग्नकार्यात का वापरता येत नाही, असं मला तेव्हाही वाटून गेलं होतं.

तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी अवस्था. फक्त गुडघा आत्याचा होता. मी त्याच रात्री एक गूगल डॉक उघडलं, 'आपला गोडा मसाला : सर्वांनी लिहा' असं नाव दिलं, लिंक असेल त्याला लिहिता येईल अशी सोय केली आणि ग्रुपवर लिंक टाकली. विकी हा मूळ हवाई भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट', अशी माहितीही सोबत जोडली. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हा होनोलुलूच्या विमानतळावरची 'विकी विकी' बस त्याच्या डोक्यात होती. आमच्या मसाल्याला पुढे अकरा आठवडे लागले. आमची बस बहुधा स्वारगेटहून सुटली असावी.

एका डॉकमध्ये एकाच वेळी शंभर जण लिहू शकतात म्हणे. आम्ही नऊच होतो आणि नऊही जण शीर्षकातच लिहीत होते. रंगीबेरंगी कर्सर लुकलुकत होते. एकाने शीर्षक ठळक केलं, दुसऱ्याने जांभळं केलं, तिसऱ्याने वर गणपतीचा फोटो लावला. तो लावल्याबरोबर सगळा मजकूर दुसऱ्या पानावर गेला आणि चौघांनी "डॉक रिकामं दिसतंय" म्हणून मला फोन केले. नाशिकच्या मामेभावाने पहिल्या परिच्छेदात "सुप्रभात" लिहिलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

काकांची तऱ्हा निराळी. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे चालू कागदावर खाडाखोड करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांनी डॉक उतरवून घेतलं, आपल्या संगणकावर दुरुस्त्या केल्या आणि ईमेलने मला 'मसाला फायनल' पाठवला. मी समजावलं, "काका, तिथल्या तिथेच लिहा ना, सगळ्यांना दिसतं." ते म्हणाले, "हो हो, समजलं," आणि दुसऱ्या दिवशी 'मसाला फायनल २' पाठवला. तो पहिल्या फायनलवर बेतलेला होता, म्हणजे मधल्या चोवीस तासांत इतरांनी केलेलं त्यात काहीच नव्हतं. आमच्या घरात सांगकाम्या कोण, हा प्रश्न तिथेच सुटला. काकांच्या फायनलांतले बदल हुडकून डॉकमध्ये चिकटवायचं काम मी रोज रात्री जेवण झाल्यावर करत होतो. 'फायनल ७' मध्ये त्यांनी फक्त एक अनुस्वार दिला होता. बरोबर होता.

मजकुराकडे वळल्यावर खरी मजा सुरू झाली. अर्धा किलो धणे यावर एकमत होतं. एवढं एकमत आमच्याकडे इस्टेटीच्या वाटणीतही झालेलं नाही. पण पुढचं सगळं वाटीत. आता वाटी म्हणजे कुठली? आमटीची की शिकरणीची? वहिनींनी त्यांच्या वाटीचा फोटो टाकला. अंदाज यावा म्हणून शेजारी लिंबू ठेवलं होतं. मग लिंबू केवढं, यावर सतरा कॉमेंट झाल्या.

त्याच वहिनींनी एके दिवशी यादीत गुपचूप बडीशेप घातली. विचारलं तर म्हणाल्या, "मी नेहमी घालते, छान लागतं." मी त्यांना नम्रपणे कळवलं की याला स्वतःचं संशोधन म्हणतात आणि ज्ञानकोशात ते चालत नाही. त्यांनी मला त्याहून नम्रपणे कळवलं की रविवारी जेवायला येऊ नका.

सोलापूरच्या काकूंनी वेगळीच आघाडी उघडली. त्यांच्या माहेरी काळं तिखट. तिथे मसाला म्हणजे तिखटजाळ, आणि गोडा वगैरे पुण्याची थेरं. पुण्यात मात्र गोड्या मसाल्यालाच पुष्कळ घरांत काळा मसाला म्हणतात, आणि या एका शब्दापायी दोन्हीकडची माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या आमटीला नावं ठेवत आलेली आहेत. काकू 'गोडा' खोडून 'काळा' करायच्या, आत्याची मुलगी 'काळा' खोडून 'गोडा' करायची. डॉकचा इतिहास उघडला की बुद्धिबळाचा पट दिसायचा. इंग्रजी विकिपीडियावर नियम आहे : एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवायचा नाही. मी तो चावडीवर, म्हणजे फॅमिली ग्रुपवर, जाहीर केला. काकूंनी तो तंतोतंत पाळला. चौथा बदल त्यांनी पंचविसाव्या तासाला केला.

या सगळ्या गदारोळात एक पाहुणा मात्र शांत होता. लॉगिन न करता लिंक उघडणाऱ्याला गूगल एखाद्या प्राण्याचं नाव देतं. आमच्याकडे 'अनामिक क्वागा' यायचा. क्वागा म्हणजे अर्ध्याच अंगावर पट्टे असलेला आफ्रिकेतला झेब्रा, त्यातला शेवटचा १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आमचा रोज पहाटे सव्वापाचला जिवंत व्हायचा. काही लिहायचा नाही, नुसता वाचायचा, आणि पाच-सात मिनिटांनी नाहीसा व्हायचा. आपल्याकडे सव्वापाच म्हणजे न्यू जर्सीत संध्याकाळचे पावणेआठ, तेव्हा ही चुलतबहीण, असा मी निष्कर्ष काढला आणि सोडून दिला.

मग माझ्या हातून ते पातक घडलं. आत्याची मुलगी तिला विचारून विचारून लिहीत होती : "दगडफूल हाताला येईल तेवढं." "तेल लागेल तसं." "खोबरं रंग येईपर्यंत." कुठला हात? काय लागेल तसं? कुठला रंग? मी या तिन्ही विधानांपुढे, नियमाला धरून, लाल अक्षरांत 'संदर्भ हवा' असं टाकलं.

आत्याचा फोन सकाळी सात वाजता आला. "संदर्भ हवा म्हणे तुला?"

"आत्या, अगं ती एक पद्धत असते..."

"तुझ्या मुंजीच्या आमटीत हाच मसाला होता. चार वाट्या ओरपलीस. तेव्हा मागितला होतास संदर्भ?"

फोन बंद. ग्रुपवरून आत्या बाहेर. ग्रुपवर शोकसभा. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, मला एका पानात अख्खं घराणं दुखावता आलं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, तर एक उपयोगाची गोष्ट सापडली. २०११ मध्ये विकिमीडियाच्या मदतीने भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला होता. जे ज्ञान छापलेलं नाही, माणसांच्या तोंडीच आहे, त्याचं काय करायचं? तर जाणत्या माणसाला प्रश्न विचारायचे, ध्वनिमुद्रण करायचं आणि तोच संदर्भ म्हणून द्यायचा. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत त्यांनी हे करून पाहिलं. म्हणजे आत्या म्हणत होती ते बरोबरच होतं. तीच संदर्भ होती. तळटीप द्यायला तिच्या घरी जायला हवं होतं, एवढंच.

रविवारी डिजिटल तराजू, मोबाइल आणि पाव किलो आंबा बर्फी घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. (रविवारचं जेवण तसंही रद्द झालेलं होतं.) तिने बर्फी घेतली, माझ्याकडे न बघता कढई चढवली आणि म्हणाली, "मध्ये मध्ये करायचं नाही."

मी मध्ये मध्येच करत होतो. ती मूठ भरायची की मी तिच्या मनगटाखाली तराजू सरकवायचो. तिळाची मूठ ३८ ग्रॅम. दुसरी ३७. तिसरी ३८. मग मी माझी भरून बघितली : ५२, ४१, ६०. आत्या काही बोलली नाही, फक्त तिने तराजूकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे. दगडफुलाची चांगली टम्म मूठ भरली ४ ग्रॅम. दगडफूल म्हणजे ना दगड ना फूल, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. आमच्या सबंध प्रकल्पात मिळून-मिसळून काम करणारं तेवढं एकच होतं. शेवटी जायपत्री. तिने चिमूट टाकली, तराजूने शून्य दाखवलं.

"बघ," आत्या म्हणाली, "तुझ्या यंत्राच्या लेखी मी जायपत्री घातलीच नाही."

धणे तिने डोळे मिटून भाजले. खरंच मिटून. मी मोबाइल कढईशी धरला होता. आधी कोरडा खळखळाट, मग थेंबभर तेल पडल्यावर तो आवाज जरा जड झाला, आणि एका क्षणी ती म्हणाली, "झाले." मला रंगात काही फरक दिसला नव्हता. वास मात्र जिन्यापर्यंत गेला होता, कारण खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन "यंदाही करताय ना, मग माझे पाव किलो" असं सांगून गेल्या. त्या ध्वनिमुद्रणात त्यांचंही वाक्य आहे. ते मी काढलेलं नाही.

मसाला डंकावर कुटून आणला. ग्रॅम, आवाज, फोटो, सगळं डॉकमध्ये घातलं. वहिनींची बडीशेप 'ऐच्छिक' झाली आणि काकूंना तटस्थ दृष्टिकोनाखाली स्वतंत्र विभाग मिळाला. काकांनी 'फायनल १४' पाठवला. शेवटी, श्रेय कुठेतरी यायला हवं म्हणून, मी एक ओळ जोडली : "यंदाचा मसाला संपादकाने स्वतः भाजून कृती पडताळली आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली म्हणून सहज डॉक उघडलं. सव्वापाचला क्वागा आला. आणि पहिल्यांदाच त्याचा कर्सर हलायला लागला, एकेक अक्षर शोधत, अगदी सावकाश. "मंद आच" यापुढे उमटलं : "म्हणजे फुंकर घातली तर विझेल अशी." तिळाच्या ओळीपुढे : "शेवटी. गॅस बंद करून. कढईच्या धगीवर."

न्यू जर्सीच्या बहिणीला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. ती इंडक्शनवर स्वयंपाक करते. आत्याकडे नातीचा टॅब असतो, आणि आत्या साडेचारला उठते.

कर्सर खाली सरकत सरकत माझ्या शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबला. बराच वेळ लुकलुकला. मग अक्षरं उमटली. लाल रंग कुठून काढला, कोण जाणे.

"संदर्भ हवा."