बर्बेरीनचा परिणाम होतो, म्हणूनच जपायला हवे

सप्रेम नमस्कार.

दारुहळदीत सापडणाऱ्या बर्बेरीनवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरवणारे द्रव्य निसर्गाने दिलेले असताना 'चालू गोळ्या परस्पर बंद करू नका' असे सांगून मी रसायनांची तळी उचलली, असा आपला आक्षेप आहे.

वनस्पती आणि रसायन हा भेदच मला पटत नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचा माग गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील गॅलेगीनपर्यंत जातो. ते साखर उतरवत असे, पण विषारी होते, म्हणून त्याच कुळातील सौम्य संयुग पुढे औषध ठरले. लाल यीस्टच्या तांदळातील मोनॅकोलिन के म्हणजे तर रेणूशः लोव्हास्टॅटिनच, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' गटातले औषध. 'नैसर्गिक' म्हणून तो घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो, फक्त किती घेतो हे त्याला ठाऊक नसते.

आपण गुडमारचे पान चावल्यावर साखरेची चव गेल्याचे लिहिले आहे. मीही ते करून पाहिले आहे. साखर अक्षरशः वाळूसारखी लागते. पण ही किमया त्या पानातील जिम्नेमिक आम्लांची, आणि ती जिभेवरची आहे. त्यावरून रक्तातल्या साखरेचा अंदाज बांधता येत नाही.

एका बाबतीत मात्र आपली तक्रार रास्त आहे. बर्बेरीनला 'पुरावा नाही' हे माझे विधान चुकीचे होते. पुरावा आहे, पण तोकडा आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नव्याने मधुमेह आढळलेल्या 36 जणांपैकी काहींना बर्बेरीन आणि काहींना मेटफॉर्मिन, दोन्ही 0.5 ग्रॅम दिवसातून 3 वेळा, असे 3 महिने दिले गेले. बर्बेरीन घेणाऱ्यांचे सरासरी एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 9.5 वरून 7.5 टक्क्यांवर आले आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबीही घटली. हा परिणाम दखल घेण्याजोगा आहेच. परंतु हृदय, मूत्रपिंड आणि डोळे वाचतात का, हे कळायला हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षे लागतात.

आणि परिणाम खरा असेल, तर धोकाही खराच. आपले वडील ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीसोबत बर्बेरीन घेऊ लागल्याचे वाचून मला काळजी वाटली. ग्लिमेपिराइडने स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक स्रवते. त्यात बर्बेरीनची भर पडली तर साखर फार खाली जाऊ शकते. शिवाय काही औषधांचे विघटन करणारी यकृतातील विकरे (एन्झाइम) बर्बेरीनमुळे मंदावतात, त्यामुळे ती औषधे रक्तात वाढू शकतात. वडिलांना घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच साखर तपासा आणि ती 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आढळल्यास ग्लुकोज द्या. बर्बेरीनची बाटली घेऊन याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना भेटा. मात्रा कोणत्या गोळीची कमी करायची, हे त्यांना ठरवू द्या.